चौकट आली तर उजवीकडे

३ फेब्रुवारी, सोमवार

नाही म्हणता आलं नाही! दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा "हो बाई" एवढंच बाहेर पडलं.

आमच्या खेळण्यांच्या संग्रहालयाचं पुढचं प्रदर्शन माझ्याकडे आलं. घरच्या टीव्हीला मशीन जोडून खेळायचा तो फुटबॉलचा गेम — त्याचे सातही भाग, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. एकोणीस वर्षांचा इतिहास, एका खोलीत. संचालकबाईंनी सभेत विचारलं, "ह्यातलं कोणाला काय ठाऊक आहे?" आणि एक हात वर गेला. माझा! पंखा जरा कमी करा म्हणायलाही मी चिठ्ठी पुढे सरकवते, आणि आज हात वर!

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढे बोलले — "माझे बाबा ही मशीनं दुरुस्त करायचे. त्यांना वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक नवा भाग आला की मी त्यांना कागद काढून द्यायचे."

"कसले कागद?"

"बाणांचे. काय कुठे दाबायचं त्याचे."

"आहेत अजून?"

आहेत. चार. आईच्या कपाटात, शिवणाच्या डब्याखाली. हरवले म्हणता आलं असतं. मला खोटं बोलता येत नाही. फक्त लपवता येतं.

"मग तेच मधोमध लावू," बाई म्हणाल्या. "काचेखाली. वर दिवा."

चार कागद. त्यातला शेवटचाही. काचेखाली, वर दिवा टाकून!

४ फेब्रुवारी, मंगळवार

नीट लिहून ठेवते. कागदावर उतरलं की डोक्यात कमी घोळतं.

आमच्या घरात शाळेच्या बाकावर बसलेली पहिली मी. आईकडून पहिली, बाबांकडूनही पहिली. बाबा एका रेडिओवाल्याच्या टेबलामागे उभे राहून दुरुस्ती शिकले, हातांनी आणि नाकाने. मशीन उघडायच्या आधी वास घ्यायचे आणि सांगायचे, आत काय जळलंय. पुढे आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान आलं, आणि दुकानात गेमची मशीनं.

त्यांचा एक नियम होता. दुरुस्त झालेलं मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी त्यावर फुटबॉलचा एक सामना हाफटाइमपर्यंत खेळायचा. नुसता दिवा लागला म्हणजे मशीन बरं झालं, असं नाही. "पाच मिनिटं धावलं तर पाच वर्षं धावेल." हाफटाइमची शिट्टी वाजली की मशीन पिशवीत. म्हणून गल्लीत त्यांचं नावच पडलं — हाफटाइम. "बंद पडलं? दे हाफटाइमकडे." आई चिडली की तीही म्हणायची, "ह्यांना काही विचारा, हाफटाइम झाल्याशिवाय उत्तर नाही."

पण सामना सुरू व्हायच्या आधी चार पडदे वाचावे लागतात. बाबा वाचायचे नाहीत, मोजायचे. दोन खाली, एक उजवीकडे, गोल बटण. तीन खाली, गोल बटण. पाढ्यासारखं पाठ. आणि दर दोन-तीन वर्षांनी गेमचा नवा भाग यायचा, त्यात सगळ्या जागा बदललेल्या! मग मी वाचायची आणि कागद काढायची. प्रत्येक पायरीला एक बाण, शेजारी पडद्यावरचा शब्द तसाच्या तसा. शब्द कशाला? तर बाबांना त्याचा आकार जुळवून बघता यावा म्हणून. पहिला कागद काढला तेव्हा मी सात वर्षांची होते.

शेवटचा काढला तेव्हा तेरा. त्या कागदाने एका माणसाची दहा वर्षं पुसली आणि बाबांचं दुकान बुडवलं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तेरा वर्षं झाली.

झालं. लिहिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज पहिला भाग लावला. करडी कॅसेट, बोटाएवढी जाड. चालेना. कापूस आणि स्पिरिट घेऊन पट्ट्या पुसल्या. आमचा मांडणीवाला म्हणतो, "फुंक मार की, आम्ही फुंकच मारायचो." मी ओरडलेच — "फुंकायचं नाही! थुंकी उडते, पट्ट्या गंजतात." हे बाबांचं वाक्य, त्यांच्याच आवाजात बाहेर पडलं. मांडणीवाला दोन पावलं मागे सरकला.

(मांडणीवाला म्हणजे जो काचेच्या पेट्या, दिवे, पाट्या बसवतो तो. तिशीतला, सदा शिट्टी वाजवणारा. प्रदर्शनाच्या खोलीत आम्ही दोघंच.)

मग चालू झाला. आठ संघ, फरक फक्त सदऱ्याच्या रंगात. खेळाडूंना चेहरे नाहीत. चेंडूला सावली नाही, त्यामुळे तो हवेत आहे की जमिनीवर ते उडी मारून चुकल्यावरच कळतं! गोल झाला की तीन टुकार पिपाण्या. त्या पिपाण्यांसाठी मी आणखी दोन गोल केले.

आणि अक्षरं — जिथे तो बनला तिथल्या लिपीत. आपल्याकडे कोणालाच न येणारी. हे मी विसरलेच होते! पहिल्या भागापुढे सगळेच निरक्षर होते. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक कॅसेट घेऊन बाबांकडे यायचे: "सामना सुरू कसा करायचा हो हा?" आणि बाबा पुढ्यात स्टूल सरकवून म्हणायचे, "बसा सर. मोजायला लागा. दोन खाली..."

पाटीवर हे लिहू का? "पहिल्या भागापुढे सगळे समान होते." पुरावा काय म्हणतील. पण मी पाहिलंय. पाच वर्षांची होते, दारातून पाहिलंय.

९ फेब्रुवारी, रविवार

घरी गेले. कागद आणले. औषधवाल्याच्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून मागच्या रस्त्याने. अजूनही!

आईने डबा उचलून दिला आणि म्हणाली, "ह्या चिटोऱ्यांना काचेची पेटी? मग माझ्या मोडक्या कात्रीलाही ठेवा एखादी."

बाबा मांडीवर इस्त्री उघडून बसले होते. "तेलकट आहेत ते कागद. चांगले नव्याने काढून दे त्यांना."

"जुनेच हवेत बाबा."

"मास्तरीणबाई, लोक हसतील."

"कोणाला?"

पेचकस उलटा धरून तारेशी खेळत राहिले. लोक कोणाला हसतील — त्यांना की मला?

१० फेब्रुवारी, सोमवार

दुसरा भाग. ह्यात अक्षरं आपली झाली. आमच्या गल्लीत आनंदीआनंद! आणि त्याच दिवशी सगळे शहाणे झाले, बाबा एकटे मागे राहिले. हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. मशीनपुढे बसून लक्षात आलं. तेव्हा मला फक्त मजा वाटली होती — मला येतं आणि बाबांना येत नाही!

ह्या भागात खेळ साठवायला जागा नव्हती. सामना संपला की बत्तीस अक्षरांची एक ओळ यायची, ती उतरवून ठेवायची, पुढच्या वेळी तीच भरायची. एक अक्षर चुकलं की स्पर्धा गेली. गिऱ्हाइकांच्या ओळी मी उतरवायची. तीनदा ताडून बघायची. एकदा वरून खाली, एकदा खालून वर, एकदा बाबांनी बोट ठेवलेलं असताना. बाबांना वाचता येत नव्हतं, पण बोट कधी ओळ सोडून घसरलं नाही.

कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघते ती खोड मला तिथूनच लागली असावी.

पहिला कागद मशीनवर ताडला. सगळे बाण बरोबर. सात वर्षांच्या मुलीच्या मानाने फारच बरोबर. "सामना" मधला स पोटफुगीर आलाय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तिसरा भाग! कॅसेट गेली, चकती आली. मधे एक चेंडू पडद्यावर गरागरा फिरतो आणि आपण वाट बघतो. बाबा मोजायचे — एकोणीसपर्यंत सुरू झालं तर चकती वाचणारं भिंग ठणठणीत, पंचवीस म्हणजे पुसायला हवं, तिसाच्या वर म्हणजे बदला. आज मी मोजलं. बावीस. मांडणीवाल्याला सांगितलं, भिंग पुसावं लागेल. तो म्हणाला, "तुम्ही डॉक्टर का नाही झालात?"

आणि ह्यात बोलणारा माणूस आला! सामन्याचं वर्णन करणारा. त्याला फक्त एक्केचाळीस वाक्यं येतात. मी मोजली आहेत, लहानपणी. आईलाही सगळी पाठ होती. दूध उतू गेलं की आतून आवाज यायचा — "अरेरे! थोडक्यात हुकलं!" बाबा दुपारी आडवे झाले की — "खेळाडू मैदानात पडून आहे, पंचांचं लक्ष नाही!" आज तो माणूस पुन्हा बोलला आणि मी रिकाम्या खोलीत खो-खो हसले.

दुसरा कागद ताडला, बरोबर. मांडणीवाला तो आणि तिसरा कागद दिव्याखाली धरून बघत होता. "हे काय? वाळवी लागली होती?" प्रत्येक शब्दाखाली बारीक टोचे आहेत. सुईने टोचल्यासारखे, ओळीने. मी म्हटलं, सोल्डरचे थेंब उडतात. तो म्हणाला, "थेंब असे रांगेत उडतात? आणि फक्त शब्दांखाली? बाणांखाली एकही नाही."

पाटीवर "वापराच्या खुणा" असं लिहायचं ठरलं. माझं समाधान नाही. पण दुसरा शब्द सुचत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पाचव्या भागाचं मशीन खोक्यातून काढलं. परत ठेवलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आधी चौथा. (टाळते आहे. माहीत आहे मला.)

चौथ्या भागात बर्फाचं मैदान होतं आणि नारिंगी चेंडू. खेळाडूंची नावं मुद्दाम वेडीवाकडी — खरी वापरायची परवानगी नव्हती म्हणे. पण ती बदलता यायची. मी आमचा संघ केला होता! गोलवर आई — तिच्या हातून काही सुटत नाही. मधे बाबा. डाव्या बगलेला मी. बाबा म्हणाले होते, "ही धावते बरी, पण चेंडू कोणाला देत नाही."

त्यांनी विचारलं, "ह्यात मी कुठे?" मी दाखवलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा मी? एकच अक्षर दोनदा? एवढ्यात मावलो?" आणि किती वेळ तिथून बोट काढलंच नाही.

त्या वर्षी ते सारखे विचारायचे. हे अक्षर कोणतं? आणि हे? मी गृहपाठ करता करता सांगायची, मान वर न करता. मग विचारणं बंद झालं. पाचव्या भागानंतर बंद झालं. माझ्यावरचा विश्वासच उडाला असणार.

कागद ताडला. बरोबर. ह्याच्यावर टोचे सगळ्यात जास्त.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज लिहूनच टाकते.

कोपऱ्यावर औषधवाला होता. तो आणि त्याचा धाकटा भाऊ मिळून पाचव्या भागात एक स्पर्धा खेळायचे. गेममधली वर्षं, एकामागून एक, एकच संघ. दहावं वर्ष चालू होतं. भाऊ मधेच दूरच्या शहरात गेला नोकरीला. तेव्हापासून औषधवाला एकटाच खेळायचा, तोही महिन्यातून एखादा सामना. दहावं वर्ष संपू नये म्हणून. हे त्यानेच बाबांना सांगितलं होतं, मशीन ठेवताना. पंखा घरघरत होता, बाकी काही नाही. खेळ साठवायचं मेमरी कार्ड आतच होतं. बाबा कार्डाची खाचही तपासायचे.

पाचवा भाग दुकानात पहिल्यांदाच आला होता. कागद नव्हता. मी म्हटलं, उद्या आणते. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीकडे तो गेम होता. विज्ञानाच्या तासाला ती माझ्याकडे वळून बसली आणि हाताने दाखवत गेली, मी काढत गेले. ती म्हणाली, "कार्डावर अर्धी स्पर्धा असेल तर मधे एक चौकट येते. जुनी पुसून नवी सुरू करू का, असं विचारते. तेव्हा ह्या बाजूला जायचं, नाहीवर." आणि हात केला. मी लिहिलं — चौकट आली तर एक उजवीकडे, मग गोल.

पण ती माझ्या समोर बसली होती! तोंड माझ्याकडे! तिचं उजवं म्हणजे माझं डावं. हे मला दुसऱ्या दिवशी शाळेतून परत येताना रस्त्यात सुचलं. कागद मी सकाळीच बाबांना दिला होता. धावत आले. चार वाजले होते. बाबा मशीनपुढे बसलेले, हातात कंट्रोलर, पडद्यावर — "नवी स्पर्धा. वर्ष पहिलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी कधी विसरले नाही. पकडल्यासारखा. मला वाटलं, मी पकडले गेले म्हणून.

औषधवाला आला. बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माझं मोजणं चुकलं." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. कागदाचंही नाही. औषधवाला पडद्याकडे बघून म्हणाला, "असू द्या." मशीन उचललं, छातीशी धरलं, गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! ते "असू द्या" मला आजही ऐकू येतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी गेमची मशीनं घेणं बंद केलं. इस्त्र्या, पंखे, मिक्सर. "ह्यांना पडदा नसतो," म्हणाले. आणि मला — "वाचणं तुझं काम, मोजणं माझं. ज्याने त्याने आपलं करावं." मोजणारा माणूस मोजण्यात चुकला असं सगळ्या गल्लीला वाटलं. वर्षभरात मशीनांची गिऱ्हाइकं गेली, मग इतरही. हाफटाइम हे नाव तेवढं राहिलं.

कागद मी त्याच संध्याकाळी उचलला आणि भूगोलाच्या पुस्तकात लपवला. पुढे तो घडीतच बाकीच्या तिघांबरोबर आईच्या कपाटात गेला; पुन्हा कधी उलगडला नाही. त्या मैत्रिणीलाही विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी छापील दाखला पुढे केला. "चारही कागद मूळ मशीनवर ताडून पाहिले आहेत व ते अचूक आहेत" — खाली माझ्या सहीची जागा. म्हटलं, उद्या देते. "किती राहिलेत?" "एकच राहिलाय बाई."

एकच!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ताडला.

मांडणीवाल्याला मुद्दाम बोलावलं, शेजारी उभं राहायला. कारण विचारलं नाही त्याने. देव त्याचं भलं करो. कार्डावर त्याचीच अर्धी स्पर्धा होती. गेले तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत खेळतोय. "माझी पुसू नका हं!" मी कार्डाची नक्कल करून ठेवली. दोन नकला केल्या.

तीन उजवीकडे, एक खाली, गोल. दोन खाली, गोल.

चौकट आली.

"जुनी स्पर्धा पुसून नवी सुरू करू का?" डावीकडे — हो. आधीपासून उजळलेलं.

उजवीकडे — नाही.

उजवीकडे! कागदावरही उजवीकडे! मशीन बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा मांडणीवाल्याला वाचायला लावलं. तो म्हणाला, "उजवीकडे नाही आहे हो. नाहीच आहे. म्हणजे — 'नाही' आहे!" आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. त्या मैत्रिणीने माझ्या बाजूने विचार करून हात केला असणार. तिला माझी काळजी होती आणि मी तेरा वर्षं तिच्या हाताला दोष देतेय.

कागद बरोबर होता. मी चुकले नव्हते.

सही केली. तीनदा वाचून.

आणि मग घरी येताना, अर्ध्या रस्त्यात, पायच थांबले. कागद बरोबर होता — मग बाबा चुकले? बाबा? अंधारात जिना चढताना पायऱ्या मोजणारे, खोक्यातले स्क्रू आवाजावरून मोजणारे? बाबा मोजण्यात कधीच चुकले नाहीत. आयुष्यात नाही!

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं अर्धा तास.

२३ फेब्रुवारी, रविवार

घरी गेले, पुढच्या रस्त्याने. औषधवाल्याच्या दुकानावरून! तो काउंटरवर होता. केस पांढरे झालेत. मी नमस्कार केला, त्याने ओळखलं, म्हणाला, "हाफटाइमची ना तू? बाबा बरे आहेत?" एवढंच. मी इतकी वर्षं ह्या माणसाला वळसा घालत होते.

बाबांना सगळं सांगितलं. मैत्रीण, बाक, तिचं उजवं माझं डावं, भूगोलाचं पुस्तक. मला वाटायचं तुमचं दुकान माझ्यामुळे गेलं. आई दारात येऊन उभी राहिली.

बाबांच्या मांडीवर टेबलफॅन होता. ते ऐकत होते आणि एकच स्क्रू काढत होते, घालत होते.

"तेरा वर्षं तू हे घेऊन बसलीस?"

"हो."

"जेवत होतीस की नाही नीट?"

"बाबा! कागद बरोबर होता, मी ताडला परवा. मग त्या दिवशी झालं काय?"

"म्हटलं ना तेव्हाच. मोजणं चुकलं."

"तुमचं मोजणं चुकत नाही."

पंख्याचं पातं बोटाने फिरवलं त्यांनी. थांबेपर्यंत बघत राहिले. मग उठले आणि हात धुवायला गेले. हातांना काहीच लागलं नव्हतं.

आई म्हणाली, "आता हाफटाइम होईपर्यंत थांब."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सहाव्या, सातव्या भागाच्या पाट्या झाल्या. सहाव्यात दूरच्या माणसाशी खेळता यायला लागलं. औषधवाल्याच्या भावाला तेव्हा खेळता आलं असतं! तीन वर्षं उशीर झाला. सातव्यात कॅसेटही नाही, चकतीही नाही, हातात धरायला काहीच नाही. पेटीत ठेवायचं काय म्हणून मांडणीवाला डोकं धरून बसला. शेवटी रिकामी पेटी ठेवली. मग कंपनीने तो बंद केला आणि मालिका संपली. त्यात बोलणाऱ्या माणसाला हजारो वाक्यं येत होती. मला एकही आठवत नाही.

पहिल्या भागाच्या पाटीवर ते वाक्य राहिलं! "ह्या भागापुढे सगळे समान होते." बाई म्हणाल्या, पुरावा? म्हटलं, मी आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या उद्घाटन. आईने फोनवर सांगितलं — "सदरा काढून ठेवलाय ह्यांनी. येणार की नाही, विचारलं तर बोलत नाहीत."

१ मार्च, शनिवार

आले. आईबरोबर, बरीच गर्दी ओसरल्यावर. कागदांकडे बघितलं नाही. सरळ पाचव्या भागापुढे जाऊन बसले, कंट्रोलर उचलला. तीन उजवीकडे, एक खाली, गोल. दोन खाली, गोल. तेरा वर्षांनी! चौकट आली. हात थांबला.

"त्या दिवशी कागद माझ्या खिशातच होता," बाबा पडद्याकडे बघतच म्हणाले. "काढलाच नाही. तुझ्या आधीच्या कागदांवरून शिकत होतो मी. वीज मोजायच्या मीटरची पिन शब्दाखाली टेकवून, एकेक अक्षर, तू शाळेत गेलीस की. म्हटलं आज न मोजता करायचं. वाचून. चार वाजता तू आलीस की सांगायचं. हा प्रश्न आला. पहिले दोन शब्द लागले, 'जुनी स्पर्धा', बरं का! खरंच लागले. इतका आनंद झाला की पुढचं वाचायच्या आधी बटण दाबलं गेलं."

आई माझ्या शेजारी सरकली.

"नंतर वाटलं, नको ते. आपलं मोजणं बरं."

मग त्यांनी खिशातून पेचकस काढला, टोक पडद्यावर पहिल्या अक्षराखाली टेकवलं. मांडणीवाला श्वास रोखून उभा होता, त्याची स्पर्धा होती ती. खूप वेळ लागला. मी मान वर करून बघत होते, एकही अक्षर सांगितलं नाही. ते शेवटच्या प्रश्नचिन्हापर्यंत गेले. परत मागे आले. पुन्हा एकदा गेले.

मग उजवीकडे.